परिसराचे रसायन आणि दातावरचे जैवपटल

जिवाणू म्हणजे द्रवात एकेकटा तरंगणारा सूक्ष्म जीव, ही कल्पना प्रामुख्याने प्रयोगशाळेतील परीक्षानळीने रूढ केली. निसर्गात मात्र बहुसंख्य जिवाणू कोणत्या ना कोणत्या पृष्ठभागाला चिकटून, स्वतःभोवती चिकट पदार्थाचा थर रचून आणि त्या थरात इतर जातींच्या शेजारी दाटीवाटीने राहतात. ओढ्यातील दगडावरचा बुळबुळीतपणा, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर हाताला लागणारा गिळगिळीत लेप, शरीरात बसवलेल्या कॅथेटरच्या आतील आवरण आणि सकाळी उठल्यावर जिभेला दातांवर जाणवणारा मऊसर थर, ही सगळी या एकाच राहणीची रूपे आहेत. अशा थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात, आणि ज्या बहुशर्करा, प्रथिने व डीएनए यांच्या चिकट मिश्रणात जिवाणू रुतून बसलेले असतात त्याला आधारद्रव्य म्हटले जाते. बहुशर्करा म्हणजे साध्या साखरेचे शेकडो-हजारो रेणू एकमेकांना जोडून तयार झालेली लांब साखळी.

जैवपटल कधी, कोठे आणि किती घट्ट बनते हे जिवाणूच्या जनुकांवर अवलंबून असते हे खरे, परंतु ती जनुके कार्यरत होतात की नाही आणि झाल्यावर त्यांच्या हाती कच्चा माल पडतो की नाही, हे भोवतालच्या रसायनांवर ठरते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की दातावरील जैवपटलाच्या बाबतीत ही दुसरी बाजूच निर्णायक आहे. तोंडात कोणते जिवाणू राहतात यापेक्षा त्यांच्याभोवती कोणते रसायन, दिवसातून किती वेळा आणि किती वेळ टिकून राहते, यावर निरुपद्रवी थराचे दात किडवणाऱ्या थरात रूपांतर होणे अवलंबून असते. ते रसायन म्हणजे सुक्रोज, अर्थात उसापासून मिळणारी नेहमीची साखर. आणि ज्या प्रदेशाच्या ग्रामीण अर्थकारणाचा एक मोठा भाग याच रेणूवर उभा आहे, त्या महाराष्ट्रात हा विषय केवळ दंतवैद्यांवर सोपवून चालणार नाही.

परिसराचा असा प्रभाव तोंडापुरता मर्यादित नाही, हे आरंभीच नोंदवणे इष्ट ठरेल. फुप्फुसांत चिवट संसर्ग निर्माण करणाऱ्या स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूला जैवपटल रचण्यासाठी पुरेसे लोह लागते; अश्रू, लाळ आणि श्लेष्म यांत असणारे लॅक्टोफेरिन हे प्रथिन ते लोह पकडून ठेवते, तेव्हा जिवाणू मरत नाही, मात्र एका जागी वस्ती करण्याऐवजी पृष्ठभागावर भटकत राहतो, असे प्रदीप सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले. उलट, टोब्रामायसिनसारखे प्रतिजैविक मारक मात्रेपेक्षा कमी प्रमाणात भोवताली असेल, तर तोच जिवाणू अधिक जोमाने जैवपटल रचू लागतो, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. एकाच जिवाणूला एक रसायन भटका करते आणि दुसरे स्थायिक करते. या दोन्ही उदाहरणांत रसायन हे संकेताचे काम करते. दातावरील सुक्रोजचे काम त्याहून थेट आहे, कारण तेथे हे रसायन स्वतःच बांधकामाचे साहित्य होते.

दातावरील थर माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तो नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावी. अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांनी १६८३ च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या दातांच्या फटींतून काढलेल्या पांढऱ्या लगद्यात वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन केले. त्यांच्या एका निरीक्षणाकडे पुढे दीर्घकाळ पुरेसे लक्ष गेले नाही, आणि ते दुर्लक्ष खेदजनक आहे. व्हिनेगरने दात धुतल्यावर थराच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले मात्र शाबूत राहिले, आणि याचा अर्थ व्हिनेगर थराच्या गाभ्यापर्यंत पोहोचले नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. जैवपटलाच्या आतले रसायन आणि बाहेरचे रसायन एकच नसते, ही या विद्याशाखेतील मध्यवर्ती गोष्ट एका कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून तीन शतकांपूर्वी हेरली होती.

दात घासून स्वच्छ केला तरी इनॅमल, म्हणजे दाताचे कॅल्शियम-फॉस्फेटचे कठीण बाह्य आवरण, फार वेळ उघडे राहत नाही. काही मिनिटांतच लाळेतील निवडक प्रथिने त्यावर बसतात आणि एक अतिपातळ पापुद्रा तयार होतो. जिवाणू दाताला चिकटतात असे बोलण्यात येते, प्रत्यक्षात ते या पापुद्र्याला चिकटतात. स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस, गॉर्डोनी, मायटिस, ओरॅलिस हे पहिले रहिवासी. त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिने पापुद्र्यातील विशिष्ट रेणू ओळखून त्यांना धरून ठेवतात आणि लाळेतील कॅल्शियमचे धन-प्रभारित आयन दोन ऋण-प्रभारित पृष्ठभागांमध्ये दुवा बनतात. या आद्य वसाहतीवर मग इतर जाती येऊन बसतात. माणसांच्या तोंडांत आजवर ७०० हून अधिक जाती आढळल्या असून, दाट थराच्या एका ग्रॅममध्ये जिवाणूंची संख्या १०० अब्जांच्या घरात जाते. लाळेतील क्षार साचून हाच मऊ थर पुढे कठीण झाला की त्याला कीटण म्हणतात. हा थर असणे म्हणजे रोग असणे नव्हे; साखर क्वचित खाणाऱ्या माणसाच्या दातांवरही तो असतो आणि बाहेरून येणाऱ्या घातक जंतूंना तेथे जागा मिळू न देण्याचे उपयुक्त कामही करतो.

दंतक्षयाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले तो स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये लंडन येथे किडलेल्या दातांतून वेगळा केला. आम्लयुक्त माध्यमात त्याचा गोलाकार लांबट होतो, म्हणून त्याला रूप बदलणारा या अर्थाचे नाव मिळाले. म्हणजे त्याच्या नामकरणालाही परिसराचे रसायनच कारणीभूत झाले. त्यानंतर जवळजवळ साडेतीन दशके हा जिवाणू विस्मृतीत गेला. १९५४ मध्ये अमेरिकेतील ऑरलँड आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून पूर्णपणे जंतुविरहित ठेवलेल्या उंदरांना भरपूर साखरेचा आहार दिला, तरी त्यांचे दात किडले नाहीत, हे दाखवले. आणि १९६० मध्ये पॉल कीज यांनी दंतक्षय एका हॅम्स्टरकडून दुसऱ्याकडे संक्रमित होऊ शकतो, हे सिद्ध केले. या प्रयोगांमुळे जिवाणू हा आरोपी ठरला आणि साखर केवळ साथीदार. पुढील काळातील बरेचसे संशोधन त्या एका आरोपीला पकडण्यात, त्याच्याविरुद्ध लस शोधण्यात खर्ची पडले, परंतु म्युटन्स असूनही न किडलेले दात आणि म्युटन्स जवळजवळ नसतानाही किडलेले दात यांचे स्पष्टीकरण त्या चौकटीत बसत नव्हते.

ते स्पष्टीकरण सुक्रोजच्या रेणूच्या रचनेत सापडते. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांची जोडी, आणि या दोहोंना जोडणारा बंध विलक्षण ऊर्जासंपन्न असतो. तो तुटताना मोलमागे सुमारे २९ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे पेशीचे ऊर्जाचलन असलेल्या एटीपीच्या बंधातून मिळते जवळजवळ तितकीच. सर्वसाधारणपणे बहुशर्करा बनवायची तर पेशीला आत शर्करा घेऊन, एटीपी खर्च करून तिला सक्रिय करावे लागते. म्युटन्सची ग्लुकोसिलट्रान्सफरेज ही विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, हा खर्च टाळतात. ती पेशीबाहेर स्रवली जातात, थरात आलेल्या सुक्रोजचा बंध तोडतात आणि त्याच बंधाच्या ऊर्जेवर ग्लुकोज साखळीला जोडतात. हार गुंफणाऱ्याने देठ खुडून टाकावा आणि फूल तेवढे दोऱ्यात ओवावे, तसे फ्रुक्टोज सुटून बाजूला पडते आणि ग्लुकोजचा सर वाढत जातो. पेशीचा स्वतःचा एकही एटीपी खर्च न होता जे तयार होते त्याला ग्लुकान म्हणतात. सुटलेले फ्रुक्टोज वाया जात नाही, ते जिवाणूच्या पोटात जाऊन त्याचे आम्ल होते.

म्युटन्सजवळ अशी तीन विकरे आहेत आणि त्यांची कामे वेगवेगळी आहेत. त्यांपैकी एक लाळेच्या पापुद्र्यावरच जाऊन बसते आणि तेथे जागच्या जागी ग्लुकान तयार करून जिवाणूंना धरण्याची सोय करते. दुसरे जिवाणूंच्या पृष्ठभागांवर, अगदी म्युटन्सहून भिन्न जातींच्याही, चिकटून त्यांना ग्लुकान बनवणारे करून टाकते. तिसऱ्याचे ग्लुकान पाण्यात विरघळणारे असते. पहिल्या दोहोंपासून बनणाऱ्या ग्लुकानात अल्फा-१,३ प्रकारचे बंध पुष्कळ असतात, ज्यामुळे ते पाण्यात विरघळत नाही आणि लाळेने धुऊन निघत नाही. सुक्रोजऐवजी तेवढेच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगवेगळे मिसळून दिले तर काय होते, हा प्रश्न ब्राझीलमधील पिरासिकाबा येथील झायमे कुरी यांच्या गटाने माणसांच्या तोंडात तपासला. स्वयंसेवकांच्या टाळूला बसणाऱ्या साधनात इनॅमलचे लहान ठोकळे बसवून, त्यांवर दिवसातून ८ वेळा एकीकडे २० टक्के सुक्रोजचे द्रावण आणि दुसरीकडे ग्लुकोज-फ्रुक्टोजचे मिश्रण टाकले गेले. आम्ल दोन्हीकडे तयार झाले. तथापि सुक्रोजखालच्या थरात अविद्राव्य बहुशर्करा अधिक आढळल्या आणि खालच्या इनॅमलमधून खनिजांचा ऱ्हासही अधिक झाला. घटक तेच, कॅलरी त्याच, फरक केवळ दोन शर्करांमधील एका बंधाचा. परिसराचे रसायन किती सूक्ष्म पातळीवर निर्णायक ठरते याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

हेच रसायन साखर कारखान्यातही घडते. एकोणिसाव्या शतकात युरोपातील बीट-साखरेच्या कारखान्यांत रसाच्या टाक्या एकाएकी जेलीसारख्या थिजून जात, आणि जर्मन कामगार त्या गोळ्यांना बेडकाच्या अंड्यांची उपमा देत. त्यामागचा जिवाणू ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस याचे वर्णन व्हॅन टीगेम यांनी १८७८ मध्ये केले, तर त्या डिंकाला डेक्स्ट्रान हे नाव शायब्लर यांनी त्याआधीच दिले होते. डेक्स्ट्रानदेखील ग्लुकानच आहे, त्याचे विकरही सुक्रोजचाच बंध तोडून काम करते. महाराष्ट्रात गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगाम सुरू होतो तेव्हापासून कारखान्याच्या रसायनशास्त्रज्ञाला या जिवाणूची धास्ती असते, कारण ऊसतोडीनंतर उसाच्या कापलेल्या टोकांतून तो आत शिरतो. जळीत उसाला उष्णतेने तडे गेलेले असल्याने तेथे त्याला अधिक वाव मिळतो. आणि तोडलेला ऊस जितका जास्त वेळ फडात किंवा वाहनतळावर पडून राहील तितके डेक्स्ट्रान वाढते. शिळ्या उसातील साखर अन्य मार्गांनीही घटते, पण डेक्स्ट्रानचा उपद्रव वेगळाच आहे: रस दाटतो, स्फटिक हळू बनतात आणि बनले तरी लांबट, सुईसारखे होतात. शिवाय डेक्स्ट्रान प्रकाशाचे ध्रुवण सुक्रोजच्या सुमारे तिप्पट वळवत असल्याने ध्रुवणमापीवर रसात असलेल्यापेक्षा अधिक साखर दिसते. कागदावरचा अंदाज आणि पोत्यांत भरलेला प्रत्यक्ष साखर उतारा यांत तफावत पडण्याचे हे एक कारण आहे. गिरणीतील पन्हळी आणि टाक्या वाफेने व गरम पाण्याने वारंवार धुणे आणि ऊस तोडल्यावर विनाविलंब गाळणे, हे दोन्ही उपाय म्हणजे जैवपटलाच्या रासायनिक परिसरातच हस्तक्षेप करणे होय. कारखान्यात उपद्रवी ठरणारी हीच जात इडलीच्या पिठात वायू निर्माण करून ते फुगवते, ही गोष्टही जिवाणूला सरसकट शत्रू मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

कारखान्यातील डेक्स्ट्रान तोडण्यासाठी डेक्स्ट्रानेज हे विकर वापरतात, आणि १९६० च्या दशकात तेच विकर दातांसाठी वापरण्याची कल्पना पुढे आली. हॅम्स्टरांवर त्याचा परिणाम उत्साहवर्धक होता. माणसांवरील चाचण्यांत मात्र निराशा पदरी पडली. डेक्स्ट्रानमधील मुख्य बंध अल्फा-१,६ प्रकारचे असतात आणि माणसाच्या दातावरील आधारद्रव्याला चिवटपणा देणारे बंध अल्फा-१,३ प्रकारचे, त्यामुळे एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागली नाही.

ग्लुकान हा चिकटवणारा पदार्थ असला, तरी दात विरघळवते ते आम्ल. लाळेचा सामू, म्हणजे पीएच, साधारणपणे ७ च्या आसपास असतो आणि तिच्यातील बायकार्बोनेट आम्लाला उदासीन करत राहते. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातावरील थरात सूक्ष्म विद्युदग्रे घालून सामू मोजला. साखरेच्या द्रावणाने चूळ भरल्यावर तो काही मिनिटांतच ५.५ च्या खाली उतरतो, आणि पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो, असे त्यांच्या आलेखांतून दिसले. सुमारे ५.५ ही इनॅमलची कसोटीची रेषा आहे. तिच्याखाली कॅल्शियम आणि फॉस्फेट दातातून बाहेर येऊ लागतात, तिच्यावर ते लाळेतून परत दातात जाऊ शकतात. म्युटन्स या रेषेखालीही आम्ल बनवत राहतो, कारण आत शिरणारे हायड्रोजन आयन तो एका पंपाने बाहेर फेकत असतो. नंतरच्या काळात पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील ह्युन कू यांच्या गटाने ग्लुकानने वेढलेल्या पुंजक्यांच्या आत डोकावून पाहिले, तेव्हा बाहेरचे द्रावण ७ सामूचे असतानाही आत आम्लाचे कप्पे टिकून राहिलेले आढळले. साखरेचा लहान रेणू आत झिरपतो, तयार झालेले आम्ल मात्र सहज बाहेर पडत नाही आणि लाळेतले बायकार्बोनेट आत पोहोचत नाही. लेव्हेनहूक यांच्या व्हिनेगरची गोष्ट येथे उलट दिशेने घडते.

आम्लाचे हे कप्पे केवळ दाताला इजा करत नाहीत, तर थरातील लोकवस्तीही बदलतात. सँग्विनिस आणि गॉर्डोनी हे प्राणवायूच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून म्युटन्सला रोखतात आणि लाळेतील अर्जिनिन या अमिनो आम्लापासून अमोनिया बनवून सामू वर आणतात, परंतु वारंवार आम्ल झाले की हे शांत रहिवासी मागे पडतात आणि आम्ल सोसणारे वाढतात, जे पुन्हा अधिक आम्ल बनवतात. फिलिप मार्श यांनी १९९० च्या दशकात मांडलेली परिसंस्थात्मक उपपत्ती हीच आहे: दंतक्षय हा बाहेरून आलेल्या एका जंतूचा रोग नसून परिसर बदलल्याने घरच्याच वस्तीचा तोल ढळल्याचा परिणाम आहे. ऑरलँड यांचे जंतुविरहित उंदीर आणि मार्श यांची उपपत्ती यांत विरोध नाही. विरोध आहे तो केवळ जंतू मारला की रोग संपेल या आशेशी.

साखरेचे प्रमाण की तिची वारंवारता, या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील अभ्यासातून मिळाले, आणि ते उत्तर ज्या मार्गाने मिळवले गेले तो कोणत्याही सबबीवर समर्थनीय नाही. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथील संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या आणि स्वतःची संमती देऊ न शकणाऱ्या लोकांना दात किडतात का हे पाहण्यासाठी जाणूनबुजून गोड, चिकट टॉफी खाऊ घालण्यात आली. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेचा परिणाम तुलनेने अल्प होता, तर दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, चिकट रूपात घेतलेल्या साखरेने दात झपाट्याने किडले. ज्यांच्या दातांवर हे ज्ञान उभे आहे त्यांच्याप्रति ते वापरणाऱ्या प्रत्येकाची नैतिक बांधिलकी आहे.

मराठी घरांतील खाण्याच्या सवयी या ज्ञानाच्या उजेडात पाहिल्या तर काही गोष्टी सहज लक्षात येतात. पुरणपोळी जेवणात एकदा खाल्ली जाते आणि लाळही तेव्हा भरपूर असते. दिवसभरात पाच-सहा वेळा घेतलेला साखरेचा चहा, त्यासोबतची बिस्किटे, खिशातली चिक्की हे मात्र थराला पुनःपुन्हा सुक्रोज पुरवतात. गूळ आरोग्यदायी म्हणून मुलांना मुक्तपणे दिला जातो, परंतु गुळाचाही फार मोठा भाग सुक्रोजच असतो आणि ग्लुकोसिलट्रान्सफरेजला त्याचा रंग दिसत नाही. सर्वांत घातक म्हणजे झोपेतील साखर: झोपेत लाळेचा स्राव जवळजवळ थांबतो, त्यामुळे गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपी गेलेल्या किंवा रात्री शेवटी गोड औषध पाजलेल्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांवर आम्ल तासन्‌तास टिकते. अशा बालकांच्या थरात कँडिडा ही बुरशीही वारंवार आढळते. म्युटन्सचे विकर तिच्या पृष्ठभागावर बसून तिलाही ग्लुकानने मढवते आणि दोघांची मिळून अधिक दाट वस्ती उभी राहते. खाल्ल्यावर चूळ भरण्याची जुनी रीत थर काढत नाही, पण साखर पातळ करते आणि वाहून नेते, एवढा तिचा रासायनिक अर्थ निश्चित आहे.

परिसर बदलूनच उपाय करायचा, तर फ्लोराइडचा विचार अपरिहार्य ठरतो. आम्लयुक्त थरात फ्लोराइड हायड्रोजन फ्लोराइडच्या रूपात जिवाणूच्या आत शिरते आणि आत सुटे होऊन साखरेपासून आम्ल बनवण्याच्या साखळीतील एनोलेज या विकराला अडवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेर पडलेली खनिजे दातात परत बसण्यास ते मदत करते आणि नव्याने बसलेले खनिज आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ पासून पिण्याच्या पाण्यात लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड मिसळण्यात येऊ लागले, आणि अनेक देशांनी ते धोरण उचलले. महाराष्ट्रात ते जसेच्या तसे लागू करता येणार नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मुळातच अधिक आहे, आणि तेथे दातांवर डाग पडणे व हाडे ताठर होणे हा फ्लोरोसिसचा त्रास लोक सोसत आहेत, तर इतर अनेक भागांत ते अत्यल्प आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम आहे. म्हणून शाळांतून फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वा द्रावणाचा कार्यक्रम आखताना प्रथम त्या गावाच्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी तपासले जावे, जेथे फ्लोराइड जास्त तेथे पर्यायी पाण्याची सोय हीच पहिली गरज मानावी, आणि जेथे ते कमी तेथे टूथपेस्टबरोबरच अंगणवाडीच्या खाऊच्या वेळा आणि मुलांच्या औषधांतील साखर यांचाही हिशेब मांडला जावा.